गोवर ‘आत’ जातो तेव्हा

गोवराचे नाव निघाले की आजही मला कडुनिंबाच्या ओल्या पाल्याचा वास येतो. १९७३ सालचा फेब्रुवारी महिना होता. आदल्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती. सांगोला तालुक्याला दुष्काळ नवा नाही, तरी त्या वर्षीचा दुष्काळ जुन्या माणसांनीही कधी पाहिला नव्हता. माण नदीच्या पात्रात वाळूखेरीज काही उरले नव्हते. खेड्यापाड्यांतील माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात आणि लेकरे सुकडीच्या आशेने त्यांच्या मागे चालत. आमचे पेठेत कापडाचे दुकान होते. गिऱ्हाईक नव्हते, पण दोन वेळचे जेवण होते, आणि त्या वर्षी एवढे असणे हीच श्रीमंती होती. मी नऊ वर्षांची, चौथीत शिकत होते. धाकटा भाऊ दीड वर्षाचा होता.

प्रथम मी आजारी पडले. आमच्या वर्गातील तीन-चार मुली काही दिवसांपासून शाळेत येत नव्हत्या. मला ताप आला, नाक वाहू लागले, कोरडा खोकला लागला आणि डोळे असे लाल झाले की उजेडाकडे पाहवेना. घरच्यांना वाटले, ऋतुबदलाची सर्दी असेल. ताप असला तरी मी भावाला कडेवर घेऊन ओसरीवर फिरवत होते. आई स्वयंपाकात आणि आजी दळणात गुंतलेली असताना तो माझ्याशिवाय कोणाकडे राहत नसे. चौथ्या दिवशी सकाळी आजीने माझे केस विंचरताना कानामागे पाहिले आणि ती थबकली. तिथून लालसर पुरळ कपाळावर व गालांवर उतरला, दुसऱ्या दिवशी छाती-पाठीवर आणि तिसऱ्या दिवशी पायांपर्यंत पोचला. आजी म्हणाली, “गोवर आहे. चांगला फुलू दे, पोरी. फुलला म्हणजे बाहेर पडला.”

दारावर कडुनिंबाचा डहाळा लागला. घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचे नाही, बाहेरच्या माणसाने उंबरा ओलांडायचा नाही, असा शिरस्ता सुरू झाला. मला माजघरात अंधारात निजवले. भावाला त्याच दिवशी माझ्यापासून दूर केले; पण आता ते करून उपयोग नव्हता. सुमारे बारा दिवसांनी तोही तापला.

माझा गोवर आला तसा गेला. भावाच्या वेळीही पहिले पाच-सहा दिवस सगळे रीतसर चालले होते. पुरळ भरघोस उठला, तेव्हा आजीला हायसे वाटले. तो पायांपर्यंत पोचला आणि चेहऱ्यावरचा फिका पडू लागला. कडुनिंबाच्या पाण्याने न्हाऊ घालण्याचा दिवस ठरला. घर सैलावले आणि वडील निर्धास्त मनाने दुकानात गेले. त्याच रात्री भावाचा श्वास जलद झाला. बरगड्यांखालचा भाग प्रत्येक श्वासासरशी आत ओढला जाई. दूध ओठांना लावले तरी तो पीत नसे. त्याच्या डाव्या डोळ्यावर धुरकट पडदा आल्यासारखे दिसत होते. आजी भिंतीला टेकून बसली आणि एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणू लागली : “गोवर आत गेला ग, गोवर आत गेला.”

दुसऱ्या दिवशी वडील आणि काका त्याला छोट्या रेल्वेने मिरजेला घेऊन गेले. बावीस दिवसांनी ते परतले. भाऊ जिवंत होता, पण वजनाने निम्मा झालेला, आणि त्याच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेले. त्या डोळ्याला पुढे कधीच दिसले नाही. आमच्याच गल्लीतील एक मुलगी, भावापेक्षा काही महिन्यांनी मोठी, मिरजेपर्यंत पोचलीच नाही. तिची आई नंतर अनेक वर्षे आमच्याकडे येत असे. भावाला जवळ घेई आणि काही न बोलता निघून जाई.

‘गोवर आत गेला’ हे वाक्य मी माझ्या मनात पुढे खूप काळ वागवले. ते अडाणीपणाचे आहे, असे शाळेत शिकल्यावर वाटले. पण त्या आजाराविषयी जसजसे वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, तसतसे उमगले की आजीचे निदान चुकीचे असले तरी तिची भीती खरी होती. मिरजेच्या वृद्ध डॉक्टरांनी वडिलांना तेच सांगितले होते : पुरळ आत जात नाही, विषाणू मुळापासूनच सर्व शरीरात असतो. पुरळ ओसरतो तेव्हा आजार संपला असे आपण समजतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत थकलेल्या शरीरावर दुसरे आजार चालून येतात.

गोवराचा विषाणू प्रतिकारशक्तीच्या पेशींवरच घाला घालतो. त्यामुळे गोवरानंतर काही आठवडे, काही बालकांत तर काही महिने, शरीर इतर जंतूंपुढे दुबळे राहते. अलीकडच्या संशोधनातून असेही दिसले आहे की पूर्वी झालेल्या आजारांविरुद्ध शरीराने साठवलेली स्मृतीदेखील हा विषाणू बऱ्याच अंशी पुसून टाकतो. न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणे, तोंडात व्रण होणे हे सारे याच वाटेने येते. गोवराने होणाऱ्या बालमृत्यूंत न्यूमोनियाचा वाटा सर्वांत मोठा असतो. हजारात सुमारे एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते. क्वचित एखाद्या मुलात विषाणू मेंदूत दडून राहतो आणि अनेक वर्षांनी प्राणघातक विकार निर्माण करतो. ‘आत जाणे’ या शब्दांना यापेक्षा शब्दशः अर्थ तो काय असणार?

आणि डोळा? त्याची कथा अ जीवनसत्त्वाची आहे. गोवरात शरीरातील या जीवनसत्त्वाचा साठा झपाट्याने खालावतो. साठा आधीच तुटपुंजा असेल तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होतो आणि व्रण भरून आला तरी मागे पांढरे फूल राहते. दुष्काळाच्या त्या वर्षी भाजीपाला मिळत नव्हता, दूध कमी झाले होते. त्यातच आजारपणात आम्ही भावाचे खाणे ‘पथ्य’ म्हणून आणखी तोडले आणि डोळ्यांत पाल्याचा रस पिळला. कोणी दुष्टाव्याने काही केले नाही. सगळे मायेनेच केले. अल्फ्रेड सॉमर या नेत्रतज्ज्ञाने पुढे इंडोनेशियातील बालकांच्या अभ्यासातून दाखवले की या जीवनसत्त्वाची उणीव डोळ्यांपुरती थांबत नाही, ती बालकांच्या मृत्यूचेही कारण होते. १९८७ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी गोवराच्या रुग्णांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची शिफारस केली. आज ती मात्रा निदानाच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अशी दोनदा दिली जाते : सहा महिन्यांखालील बाळाला ५० हजार एकके, सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला १ लाख आणि एक वर्षावरील मुलाला २ लाख. डोळ्यांवर परिणाम दिसत असेल तर काही आठवड्यांनी तिसरी मात्रा देतात. काही थेंबांचे हे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. मात्र ते डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यावे. या जीवनसत्त्वाचा अतिरेकही घातक असतो.

आजीला मी दोष देत नाही. दारावरचा डहाळा म्हणजे ‘या घरात येऊ नका’ अशी पाटीच होती. आज आरोग्य खाते विलगीकरण म्हणते तेच ते. रुग्णाला शांत निजवणे, लाल झालेल्या डोळ्यांना उजेडापासून जपणे हेही योग्यच होते. चुकले ते इतकेच की डहाळा उशिरा लागला आणि लवकर उतरला. उशिरा अशासाठी की गोवराचा रुग्ण पुरळ दिसण्यापूर्वीच सुमारे चार दिवस इतरांना आजार देऊ लागतो. ज्या दिवसांत मी ‘साध्या सर्दी’ने खोकत भावाला कडेवर फिरवत होते, ते हेच दिवस. पुरळ उठल्यानंतरही आणखी चार दिवस हा धोका राहतो. विषाणू हवेतून पसरतो आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तिथे टिकू शकतो. संरक्षण नसलेल्या दहा मुलांचा रुग्णाशी जवळून संबंध आला तर त्यांतील नऊ जणांना गोवर होतो. इतका संसर्गजन्य आजार दुसरा क्वचितच असेल. ‘मीच भावाला गोवर दिला’ ही टोचणी मला पन्नास वर्षे आहे. नऊ वर्षांच्या मुलीला ते कळण्याचा मार्ग नव्हता, हे मनाला पटते. तरीही टोचणी जात नाही.

आता माझ्या दुसऱ्या चुकीविषयी लिहायचे आहे. तिला मात्र अजाणतेपणाचा आधार नाही.

माझे माहेर आणि सासर दोन्ही सांगोल्यातच. मुलगा नोकरीनिमित्त मुंबईत असतो. २०२२ च्या दिवाळीत तो, सून आणि सोळा महिन्यांची नात घरी आले होते. सून मुंबईहून येतानाच बाळाचे लसीकरणाचे कार्ड घेऊन आली होती. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर झाला होता. दुसरा डोस सोळाव्या महिन्यानंतर द्यायचा होता. “आई, इथेच ग्रामीण रुग्णालयात देऊन घेऊ का?” असे तिने विचारले. नातीला थोडी सर्दी होती, नाक वाहत होते. मी म्हणाले, “राहू दे ग. सणाच्या दिवसांत लेकराला ताप कशाला आणतेस? परत गेल्यावर बघा.” ती काही बोलली नाही. सासूने सांगितले म्हणजे ते मोडायचे नाही, हा आपल्या घरांतला संस्कार चांगला आहे. पण सासूने तरी विचार करून बोलायला हवे होते. सर्दी, किरकोळ ताप, साधे जुलाब ही लस टाळण्याची कारणेच नाहीत. घरात आयुष्यभर एका डोळ्याने जग पाहणारा भाऊ असताना मी हे बोलले.

ते परत गेले आणि दोनच आठवड्यांत मुंबईतील गोवंडीच्या बातम्या येऊ लागल्या. दाटीवाटीच्या त्या वस्तीत गोवराने लहान मुले दगावत होती. केंद्र सरकारने पाहणीसाठी पथक पाठवले. पुढे भिवंडी आणि मालेगाव येथेही उद्रेक झाला. करोनाच्या दोन वर्षांत लसीकरणाची सत्रे विस्कळीत झाली होती, पालक घराबाहेर पडत नव्हते. त्या काळात चुकलेले डोस आता हिशेब मागत होते. ही गोष्ट एकट्या मुंबईची नव्हती. २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी मुलांचा गोवर लसीचा एखादा डोस हुकला होता. उद्रेकाच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांना एक जादा डोस, आणि जिथे अगदी लहान बाळांना लागण होत होती तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस देण्याचे ठरले.

सुनेचा फोन आला तेव्हा तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तिने एवढेच विचारले, “आई, कार्डावरची ती चौकट अजून रिकामीच आहे. आज घेऊन जाऊ ना?” त्या वेळी भाऊ आमच्याकडे बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला. तो मितभाषी आहे. स्वतःच्या डोळ्याविषयी तो कधी बोलत नाही. तो म्हणाला, “सूनबाई, आज नाही, आत्ता जा. ताईला काही विचारू नकोस.” मग फोन माझ्या हाती देऊन तो दुकानाकडे निघून गेला. मला त्या क्षणी त्याचा रागही आला आणि धीरही वाटला.

नातीला त्याच दिवशी लस मिळाली. आठव्या-नवव्या दिवशी तिला थोडा ताप आला, छातीवर पुसट पुरळ दिसला आणि दोन दिवसांत गेला. असे काही बालकांत होते. लसीतील दुबळा केलेला विषाणू शरीराला ओळख करून देत असतो. त्यापासून इतरांना गोवर होत नाही. तरीही त्या दोन रात्री मी अंथरुणावर बसून काढल्या. आपल्या दोन शब्दांमुळे एका लेकराचे संरक्षण तीन आठवडे लांबले, हे मला विसरता येत नव्हते.

या लसीचा प्रवासही जाणून घेण्यासारखा आहे. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन येथे जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी गोवर झालेल्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला. त्यावरून तयार झालेली लस १९६३ साली वापरात आली. त्यापूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे गोवराने मरत असावीत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे आमच्या गल्लीतील ती मुलगी गेली तेव्हा लस जगात येऊन दहा वर्षे झाली होती. ती सांगोल्यापर्यंत पोचली नव्हती, इतकेच. १९८५ साली भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस आली आणि १९८९ मध्ये जन्मलेल्या माझ्या मुलाला ती नवव्या महिन्यात मिळाली. २०१० पासून दुसरा डोस सुरू झाला. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम सुरू झाली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना शाळाशाळांतून लस देण्यात आली. जगाला लागणाऱ्या या लसीचा फार मोठा हिस्सा आपल्या पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होतो. सोलापूर जिल्ह्यातील मातेला आज ही लस मिळणे कठीण नाही. कठीण आहे ते वेळेवर उठून जाणे.

पुष्कळ भगिनी विचारतात, नऊ महिनेच का आणि दोन डोस कशाला? आईकडून मिळालेले संरक्षण बाळाच्या रक्तात काही महिने राहते, आणि ते असेपर्यंत लस नीट रुजत नाही. नवव्या महिन्यात दिलेला डोस शंभरातील सुमारे ८५ बालकांना संरक्षण देतो. उरलेल्यांसाठी सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यानचा दुसरा डोस असतो. दोन्ही मिळाले की बहुतेक सर्व मुले सुरक्षित होतात. एखादा डोस हुकला असेल तर ‘वेळ गेली’ म्हणून सोडून देऊ नये. पाच वर्षांपर्यंत तो सरकारी केंद्रात देता येतो. घरात किंवा शेजारी गोवर निघाल्यास संपर्कात आलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. गर्भवतीला, प्रतिकारशक्ती फार दुबळी असलेल्याला अथवा पूर्वीच्या डोसाची तीव्र ॲलर्जी आलेल्याला ही लस देत नाहीत. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

नऊ महिन्यांखालील बाळ, उपचारांमुळे दुबळी झालेली मुले, यांना लस देता येत नाही. त्यांचे रक्षण भोवतालचे लोक करतात. शंभरात पंचाण्णव जण संरक्षित असतील तर गोवराला वाट सापडत नाही. पाहुण्यांनी गजबजलेल्या लग्नघरात, पर्युषणात भरलेल्या सभागृहात, रविवारच्या बाजारात आपले निरोगी दिसणारे मूल कोणाच्या तान्ह्या बाळाशेजारी बसते, हे आपण आधी जाणू शकत नाही.

आता, घरात लक्षणे दिसलीच तर काय करावे, हे मला समजले तसे सांगते. ताप, खोकला, नाक वाहणे व लाल डोळे ही चारही लक्षणे एकत्र आली की गोवराची शंका घ्यावी. पुरळाच्या आधी एक-दोन दिवस गालाच्या आतल्या बाजूस, दाढांजवळ, मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. पुरळ कानामागून व चेहऱ्यावरून खाली उतरतो. सावळ्या त्वचेवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हाताला खरखर लागते. कांजिण्यांसारखे पाण्याचे फोड यात नसतात, आणि घामोळ्यांत ताप व खोकला नसतो. शंका येताच मुलाला शाळेत वा समारंभात पाठवू नये आणि आशाताईंना किंवा दवाखान्यात कळवावे. प्रतीक्षालयातील इतर मुलांना लागण होऊ नये म्हणून आधी फोन करून जाणे बरे. पुरळ उठल्यापासून किमान चार दिवस, शक्यतो आठवडाभर, मुलाला वेगळे ठेवावे.

विषाणूला मारणारे खास औषध नाही. म्हणून शुश्रूषा हाच उपचार. तापासाठी पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे द्यावे, ॲस्पिरिन देऊ नये. अँटिबायोटिक डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाचे दूध तोडू नये. डोळे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने पुसावेत. काजळ, दूध, पाल्याचा रस काहीही घालू नये. पांघरुणात गुंडाळून घाम काढू नये. खोलीत हवा खेळती असावी. पाणी, पेज, ताक, वरणाचे पाणी थोडे थोडे, दिवसाही आणि रात्रीही द्यावे. आपल्या घरांत मोठी माणसे रात्री पाण्याचाही त्याग करतात. पण तापलेल्या लेकराला रात्री पाणी हवेच, त्यात संकोच नको. खाणे तोडू नये. अ जीवनसत्त्वासाठी सगळे गाजर सुचवतात. कंदमुळे वर्ज्य असलेल्या घरांनी लाल भोपळा, पपई, आंबा, शेवग्याचा पाला, पालक, मेथी, दूध व तूप यांचा आधार घ्यावा. शेवगा तर आमच्या सांगोल्याच्या कोरड्या मातीतही तग धरतो.

श्वास जलद झाला (दोन महिने ते एक वर्षापर्यंतच्या बाळाचा मिनिटाला ५० किंवा अधिक वेळा, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा अधिक वेळा), छाती आत ओढली जाऊ लागली, मूल काहीच पिईना, सारखे ओकू लागले, झटके आले, गुंगीत गेले, डोळ्यावर धूसरपणा दिसला किंवा तोंडात खोल व्रण झाले, तर रात्र आहे, सण आहे म्हणून थांबू नये. आणि पुरळ ओसरल्यावर निदान महिनाभर त्या मुलाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. आजीच्या भाषेत, गोवर ‘आत’ जाण्याचा काळ हाच असतो.

नातीच्या त्या प्रसंगानंतर मी एक साधी गोष्ट करू लागले. आमच्या शेतात डाळिंबाच्या बागेत कामाला येणाऱ्या बाईंना मी त्यांच्या मुलाचे कार्ड दाखवायला सांगितले. पहिल्या डोसाची नोंद होती, दुसऱ्याची चौकट रिकामी. मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “काकी, लसीचा वार आणि माझा खाड्याचा वार एकच होतो. खाडा केला तर हजेरी जाते.” हजेरी लावणारे आम्हीच होतो. ज्या चुकीसाठी मी स्वतःला दोष देत होते, तीच माझ्या बागेत दुसऱ्या रूपाने चालू होती आणि मला पत्ताही नव्हता. तेव्हापासून लसीच्या दिवशी आमच्याकडे अर्धा दिवस सुटी असते आणि मजुरी पूर्ण मिळते. भावाने दुकानातील नोकरांसाठी हाच नियम केला. दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाटाखाली उतरणारी धनगर कुटुंबे, उसाच्या तोडीला जाणारी जोडपी यांची लेकरे तर नेमक्या सोळाव्या-अठराव्या महिन्यात गावाबाहेर असतात. त्यांचे कार्ड निघण्यापूर्वी पाहणे, पुढच्या मुक्कामी कोणत्याही सरकारी केंद्रात डोस मिळतो हे त्यांना सांगणे, एवढे काम कोणत्याही महिला मंडळाला सहज करता येईल. त्यासाठी निधी लागत नाही, पत्रिका छापावी लागत नाही.

वाचक भगिनींनो, हा लेख वाचून झाल्यावर कपाटातील आपल्या मुलाचे, नातवंडाचे कार्ड एकदा बाहेर काढा आणि गोवर-रुबेलाच्या दोन्ही चौकटी पाहा. मग आपल्या घरी धुण्याभांड्याला येणाऱ्या, दुकानात माप टाकणाऱ्या, शेतात राबणाऱ्या माणसांच्या लेकरांची कार्डे विचारा.

मागच्या महिन्यात नात पुन्हा सांगोल्याला आली होती. आता तिला बरेच प्रश्न पडतात. भावाच्या मांडीवर बसून तिने त्याच्या डाव्या डोळ्यावर अलगद बोट ठेवले आणि विचारले, “आजोबा, इथे पांढरे का?” भाऊ हसला आणि म्हणाला, “लहानपणी मला गोवर झाला होता.” तिने लगेच विचारले, “गोवर म्हणजे काय?” त्याने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात एका लेकराला हा शब्द माहीतच नाही, हे आम्हा दोघांच्या एकाच वेळी ध्यानात आले. भाऊ तिला म्हणाला, “मोठी झालीस की आजी सांगेल.” आणि तिला घेऊन तो अंगणात गेला.